होडीवरचा प्लॅस्टिकचा भाग एकाच जागी पुन्हा पुन्हा का तुटतो, आणि त्यावर काय करावे

होडीवरचा दोर अडकवण्याचा क्लीट तुटतो, कुणी तरी तो गोंदाने चिकटवून देतो, आणि पुढच्या हंगामात तोच क्लीट त्याच जागी किंवा जुन्या जोडापासून बोटभर अंतरावर पुन्हा तुटतो. तपासणीच्या गोल झाकणाची कड, कयाकमधली पाय टेकवायची पट्टी, बसण्याच्या पट्ट्याचे बकल, पंपाचे पाणी बाहेर टाकणारी तोटी यांचीही हीच कथा असते. खडकवासला, पानशेत, मुळशी किंवा पवनेच्या पाण्यावर लहान होड्या चालवणाऱ्या आणि एरवी त्या घराच्या गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवणाऱ्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. दोष बहुधा गोंदाला दिला जातो आणि पुढच्या वेळी त्याहून महाग गोंद आणला जातो. गोंद मात्र क्वचितच खरा अपराधी असतो, असे माझे मत आहे. ज्या प्लॅस्टिकवर तो लावला ते प्लॅस्टिक कोणते हे कुणी पाहिलेले नसते, आणि पहिला तडा मुळात कशामुळे गेला याचा शोध घेतलेला नसतो, म्हणून दुरुस्ती टिकत नाही. या लेखात त्याच क्रमाने, म्हणजे आधी तडा, मग प्लॅस्टिक आणि शेवटी जोड, असा विचार केला आहे.

तडा कोठून निघाला

भाग तुटल्यावर दोन्ही तुकडे जपून ठेवावेत आणि ते नीट बसतात का हे पाहण्याच्या उत्साहात एकमेकांवर घासू नयेत. त्यामुळे जोडाची धार बोथट होते आणि तुटीवरच्या खुणाही पुसल्या जातात. तुटलेली कड तिरप्या उजेडात धरून साध्या भिंगाने पाहिली, तर बरेच काही कळते.

कडेजवळचे प्लॅस्टिक ताणले जाऊन पांढुरके झाले असेल आणि कड ओढली गेल्याची खूण दिसत असेल, तर भाग एकाच मोठ्या जोराने तुटला आहे. क्लीटवर कुणाचा तरी पाय पडला असेल किंवा गाडीच्या टपावर होडी बांधताना दोर नको त्या जागी आवळला गेला असेल. अशी तूट योग्य रीतीने जोडली तर सहसा परत उद्भवत नाही, कारण प्लॅस्टिक मुळात निरोगी असते.

याउलट कड सपाट आणि चकचकीत असेल, बाहेरचा पृष्ठभाग निस्तेज असून त्यावर बारीक चिरांचे जाळे असेल आणि नखाने खरवडल्यावर नखाखाली पांढरी भुकटी येत असेल, तर तो उन्हाचा परिणाम आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, बाहेरचा थर ठिसूळ होतो आणि तिथे सुरू झालेली चीर आतल्या चांगल्या थरात शिरते. अशा भागावर लावलेला गोंद त्या मेलेल्या थरालाच धरतो आणि पहिल्या ताणात थरासकट सुटून येतो. वर वर पाहता गोंद निकामी ठरला असे वाटते. प्रत्यक्षात सुटलेल्या गोंदाच्या पाठीवर प्लॅस्टिकची भुकटी चिकटलेली असते. ही खूण दिसली की गोंद बदलण्यात अर्थ नाही. वरचा थर कानशीने किंवा पॉलिश पेपरने खरवडून आतले मूळ रंगाचे, टणक प्लॅस्टिक लागेपर्यंत जावे; ते अर्ध्या जाडीपर्यंतही लागले नाही, तर तो भाग बदलावा.

कडेवर एखाद्या बिंदूपासून पसरत गेलेल्या वक्र रेषा दिसल्या, तर तिथे लहान ताण असंख्य वेळा बसून तडा हळूहळू वाढलेला आहे. वल्हे ज्यात फिरते त्या रोलॉकमध्ये, सुकाणूच्या जोडावर आणि पाय टेकवण्याच्या पट्टीवर अशा रेषा हमखास आढळतात. अशा ठिकाणी नुसता जोड पुरत नाही, तर ताण वाटून घेणारी पट्टी मागून लावावी लागते.

चौथा प्रकार माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त येतो, तो म्हणजे स्क्रूच्या भोकापासून किरणांप्रमाणे बाहेर पसरलेले तडे. त्याची कारणे आणि उपाय वेगळे आहेत, म्हणून त्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

प्लॅस्टिक कोणते, हे ठरवणे

होडीवर एकाच रंगाचे, हाताला सारखेच लागणारे चार भाग चार वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे असू शकतात, आणि एकाला उत्तम धरणारा गोंद दुसऱ्यावर अक्षरशः सालीसारखा निघतो. त्यामुळे भागाच्या आतल्या किंवा मागच्या बाजूला कोरलेली खूण आधी शोधावी. दोन बाणांच्या मध्ये पीपी, पीई, एबीएस, पीए ६, पीए ६६ किंवा पीओएम यांची रोमन अक्षरे असतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पीई म्हणजे पॉलिइथिलीन, पीए म्हणजे नायलॉन आणि पीओएम म्हणजे असिटाल, ज्याला आपल्याकडे कारखान्यात सर्रास डेलरिन म्हणतात. पीए ६६ नंतर जीएफ ३० असे असेल, तर त्या नायलॉनमध्ये वजनाने ३० टक्के काचतंतू मिसळलेले आहेत. त्रिकोणात आकडा असेल, तर २ म्हणजे जास्त घनतेचे पॉलिइथिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे कमी घनतेचे पॉलिइथिलीन आणि ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन.

खूण नसेल, तर तुटीच्या कडेवरून तांदळाच्या दाण्याएवढा कपचा काढून पाण्यात टाकावा. पाण्यात साबणाचा एक थेंब घालणे आवश्यक आहे, नाही तर कपच्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे त्याला उगाच तरंगत ठेवतात. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांची घनता पाण्यापेक्षा कमी असल्याने ते तरंगतात. होडीवरच्या सामानात सहसा भेटणारी बाकीची प्लॅस्टिके बुडतात. बुडालेल्या कपच्याची दुसरी परीक्षा घरच्या मिठाने करता येते. पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातले, म्हणजे लिटरभर पाण्यात साधारण ३५० ग्रॅम, तर त्या पाण्याची घनता १.२ च्या जवळ जाते. एबीएसची घनता सुमारे १.०५ आणि साध्या नायलॉनची १.१४ असल्याने हे दोन्ही त्या पाण्यात वर येतात. पीव्हीसी, असिटाल आणि काचतंतू घातलेले नायलॉन मात्र तळाशीच राहतात. या परीक्षेला एकच अपवाद ध्यानात ठेवावा: भुकटी भरून कडक केलेले पॉलिप्रॉपिलीन साध्या पाण्यातही बुडू शकते.

एबीएस आणि नायलॉन यांच्यातला निर्णय असिटोनच्या एका थेंबाने होतो. एबीएस लगेच चिकट होऊन बोटाचा ठसा घेते. नायलॉनला काहीच होत नाही. जाळून पाहण्याची पद्धतही प्रचलित आहे आणि वासावरून अनुभवी माणूस बरोबर ओळखतो. पॉलिइथिलीनला विझलेल्या मेणबत्तीचा, नायलॉनला जळलेल्या केसांचा वास येतो आणि एबीएस काजळीचे काळे धागे सोडत जळते. तथापि ही परीक्षा उघड्यावर, पकडीत धरलेल्या अगदी बारीक कपच्यावरच करावी आणि मुद्दाम धूर हुंगू नये, कारण पीव्हीसी जळताना आम्लाचे आणि असिटाल जळताना फॉर्माल्डिहाइडचे वाफारे निघतात. पाण्याची आणि मिठाची परीक्षा झाली असेल, तर जाळण्याची गरज सहसा पडत नाही.

पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन

कयाकचे अंग बहुधा साच्यात फिरवून घडवलेल्या पॉलिइथिलीनचे असते आणि त्यावरची कित्येक झाकणे, मुठी व पट्ट्या याच कुळातल्या असतात. या दोन प्लॅस्टिकांचा पृष्ठभाग कोणत्याही द्रवाला जवळ करत नाही. त्यावर पाण्याचा थेंब पसरत नाही, तसाच गोंदही पसरत नाही. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट, घरगुती इपॉक्सी आणि इपॉक्सीची लांबी (पुटी) हे तिन्ही त्यावर सुकतात, कडक होतात आणि मग नखाने निघतात. तेव्हा इथे पहिला पर्याय गोंदाचा नसून वितळवून जोडण्याचा आहे.

तड्याच्या दोन्ही टोकांना आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडावे. तड्याचे टोक अतिशय टोकदार असते आणि सगळा ताण तिथे एकवटतो. गोल भोकामुळे तो ताण घेरावर वाटला जातो आणि तडा पुढे सरकत नाही. त्यानंतर तड्याच्या लांबीभर, जाडीच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत, तिरप्या बाजूंची खाच कोरावी आणि त्यात त्याच प्लॅस्टिकची काडी वितळवून भरावी. हीट गनची गरम हवा ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असावी, आणि काडी व खाचेच्या दोन्ही बाजू एकाच वेळी चमकू लागल्या की काडी दाबत पुढे जावे. केवळ काडी वितळली आणि खाच थंड राहिली, तर वरून भरगच्च दिसणारा जोड आतून मोकळा असतो. दुरुस्तीनंतर तो एका बाजूने उचलून पाहिल्यास अखंड पट्टी म्हणून निघून येतो. प्लॅस्टिक पिवळे किंवा तपकिरी पडू लागले तर उष्णता जास्त होते आहे असे समजावे.

काडी कोठून आणायची, हा प्रश्न पुण्यात फारसा अवघड नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बहुतेक कयाकप्रमाणेच साच्यात फिरवून घडवलेल्या पॉलिइथिलीनच्या असतात, आणि फुटलेल्या टाकीचा तुकडा भंगारवाल्याकडे सहज मिळतो. त्यातून ३-४ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या की काडीचे काम भागते. आधी होडीच्या नको असलेल्या कोपऱ्यावर चाचणीसाठी एक थेंब वितळवून थंड झाल्यावर उपटून पाहावा. टाक्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचा या कामावरचा हात इतका बसलेला असतो, की शक्य असेल तर लांब तडा त्यांच्याकडूनच भरून घ्यावा, असे मी सुचवीन. पॉलिप्रॉपिलीनसाठी मोटारीचा तुटका बंपर उपयोगी पडतो, कारण बहुतेक बंपर याच कुळातल्या प्लॅस्टिकचे असतात आणि आतल्या बाजूला तशी खूण असते. पॉलिइथिलीनवर पॉलिप्रॉपिलीनची काडी मात्र चालत नाही. दोन्ही तरंगतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. काही कयाक जाळीबद्ध पॉलिइथिलीनच्या असतात. त्यांचे प्लॅस्टिक गरम केल्यावर मऊ होते परंतु वितळत नाही, त्यामुळे तिथे वेल्डिंगचा नाद सोडावा.

वितळवणे शक्य नसेल, तेव्हा ज्योतीचा उपाय आहे. पृष्ठभाग खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, लहान ब्यूटेन टॉर्चच्या निळ्या ज्योतीचे टोक त्याला जेमतेम लागेल अशा बेताने, सेकंदाला सुमारे दीड वीत या वेगाने फिरवावे. प्लॅस्टिक वितळता कामा नये. केवळ वरच्या थराचे ऑक्सिडीकरण व्हायला हवे. ते झाले की नाही हे पाण्याने कळते. आधी जिथे पाण्याचे थेंब गोळा होऊन घरंगळत होते, तिथे आता पाण्याचा सलग पापुद्रा राहतो. पाणी पुसून, कोरडे करून, अर्ध्या तासाच्या आत लवचीक जातीचा इपॉक्सी लावावा, कारण हा परिणाम हळूहळू ओसरतो. या दोन प्लॅस्टिकांसाठीच बनवलेले दोन भागांचे ॲक्रिलिक गोंदही मिळतात आणि ते ज्योतीशिवाय धरतात. ते महाग आहेत, परंतु लहान भागासाठी खर्च परवडतो.

एबीएस

झाकणे, चौकटी, उपकरणांची घरे यांत एबीएस सापडते आणि त्याची दुरुस्ती सर्वांत समाधानकारक होते. दुचाकीच्या बऱ्याच बाह्य पत्र्यांचे, म्हणजे आपण ज्याला फायबर म्हणतो त्यांचे, प्लॅस्टिक हेच असते. नाना पेठेत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात असा तुटका तुकडा मिळाला, तर मागची खूण पाहून घ्यावा. त्याचे बारीक तुकडे झाकणबंद काचेच्या बाटलीत, ते जेमतेम बुडतील एवढ्या असिटोनमध्ये रात्रभर ठेवले, की श्रीखंडाइतका दाट लगदा तयार होतो. तो खाचेत भरला असता असिटोन उडून जाते आणि मागे उरते ते एबीएसच असते, म्हणजे जोडाच्या जागी वेगळा पदार्थ राहतच नाही. एकाच वेळी जाड थर भरू नये. वरचा पापुद्रा सुकून आतले असिटोन अडकते आणि जोड कित्येक दिवस मऊ राहतो. एक मिलिमीटरपेक्षा पातळ थर देऊन, मध्ये काही तास जाऊ देऊन, पुन्हा थर द्यावा. असिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे, तेव्हा हे काम स्वयंपाकघरात करू नये.

मागच्या बाजूला स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी सोल्डरिंग आयर्नने तापवून प्लॅस्टिकमध्ये रुतवली आणि तिच्यावर लगद्याचा थर दिला, तर तो भाग मूळ भागापेक्षाही मजबूत होतो. एबीएसला उन्हाचा त्रास मात्र लवकर होतो, म्हणून दुरुस्तीवर रंगाचा हात अवश्य द्यावा.

नायलॉन आणि असिटाल

रोलॉकची बुशे (ज्यांच्या आत दांडा फिरतो ती नळकांडी), क्लीट, पुल्या आणि दोर ओवण्याच्या कड्या नायलॉनच्या असतात. नायलॉन हवेतला ओलावा शोषते, आणि त्याची चिवटता बऱ्याच अंशी त्या ओलाव्यावर अवलंबून असते. पाण्यात पूर्ण मुरलेले नायलॉन ६ स्वतःच्या वजनाच्या ९ टक्क्यांपर्यंत पाणी धरते, त्याने ते फुगते आणि घट्ट बसवलेले बुश अडकते; उलट मार्च ते मे या काळात पुण्याच्या कोरड्या हवेत महिनोन्महिने पडून राहिलेली होडी पहिल्यांदा बाहेर काढली, की कोरडे पडलेले नायलॉन टणक्कन तुटते. हंगामाच्या पहिल्याच दिवशी क्लीट जाण्याचे हे एक कारण आहे, आणि त्यावरचा उपाय अगदी साधा आहे: सुटे काढता येणारे नायलॉनचे भाग वापरापूर्वी एक-दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवावेत. नवीन, लेथवर कातलेले नायलॉनचे बुशही बसवण्यापूर्वी असेच मुरवावे, आणि ते पाण्यात फुगणार हे गृहीत धरून थोडे सैल कातून घ्यावे.

जोडताना परिस्थिती नेमकी उलटी असते. ओले नायलॉन गोंद धरत नाही, म्हणून आधी तुकडे पूर्ण वाळवावेत, पॉलिश पेपरने खरखरीत करावेत, सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी लावून २४ तास हलवू नयेत आणि त्यानंतर मागून धातूची पट्टी नटबोल्टने बसवावी. गोंदाने फटीतून पाणी जाणे थांबवायचे आणि पट्टीने ताण घ्यायचा, अशी ही विभागणी आहे. पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी इथे टाळावा. तो ओलाव्यात आणि उन्हात तापलेल्या भागावर लवकर नरमतो.

असिटालवर, म्हणजे पट्ट्यांच्या बहुतेक बकलांवर आणि पुष्कळशा पुल्यांच्या चाकांवर, वेळ घालवू नये. त्याला घरगुती कोणताही गोंद विश्वासाने धरत नाही. बकल बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे नवीन मिळते. पट्टा शिवलेला असेल, तर मधली दांडी उघडी असलेले बकल मागावे, म्हणजे शिवण उसवावी लागत नाही. पुलीचे चाक किंवा बुश हवे असेल, तर भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत लहान लेथवाले जुना नमुना पाहून डेलरिनच्या दांड्यातून नवीन कातून देतात, आणि ते मूळ भागाइतकेच टिकते.

स्क्रूच्या भोकापासून जाणारे तडे

आता त्या चौथ्या प्रकाराकडे वळू. तो सर्वांत जास्त का दिसतो याचे उत्तर असे, की लाकूड किंवा लोखंड हाताळणारा हात प्लॅस्टिकवरही तितकाच जोर लावतो.

वरचे डोके खोलगट बसणारा, तिरप्या बाजूंचा स्क्रू प्लॅस्टिकमध्ये पाचरीचे काम करतो. तो जितका आवळावा तितके भोक बाहेरच्या दिशेला फाकते, आणि तो ताण स्क्रू काढेपर्यंत दिवसरात्र तसाच राहतो. भाग त्या दिवशी तुटत नाही. उन्हात तापल्यावर, आठवड्यांनी, कुणाचा हातही लागलेला नसताना तडकतो, आणि मालक चक्रावतो. अशा ठिकाणी सपाट तळाचे डोके असलेला स्क्रू आणि त्याखाली रुंद वॉशर वापरावा. लोखंडी स्क्रू आणखी वाईट, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आतूनच भोक फोडतो. धरणाच्या गोड्या पाण्यासाठी ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील पुरेसे आहे. हीच होडी अलिबाग-मुरूडकडे समुद्रात नेत असाल, तर ३१६ घ्यावे.

आरपार बोल्ट घालायच्या भोकाचा आकार बोल्टएवढाच ठेवण्याचा मोह टाळावा. उन्हातान्हात ४० अंशांचा फरक पडतो तेव्हा एक मीटर लांबीची पॉलिइथिलीनची पट्टी सुमारे ५ ते ८ मिलिमीटर वाढते, तर तेवढीच स्टीलची पट्टी पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. लांब प्लॅस्टिकची पट्टी दोन्ही टोकांना धातूवर घट्ट आवळली, तर तिला वाढायला वाव उरत नाही आणि ती कडेच्या भोकातून फाटते. म्हणून एका टोकाचे भोक गोल आणि दुसऱ्याचे लांबट ठेवावे. ज्या भागात तडा वारंवार शेवटच्याच स्क्रूपासून निघतो, तिथे मी सर्वांत आधी हेच तपासतो.

स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्येच जात असेल, तर ४ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी साधारण ३.२ मिलिमीटरचे भोक असावे. तो काढून परत बसवताना आधी उलटा, म्हणजे सैल करण्याच्या दिशेने, फिरवावा; एका क्षणी तो जुन्या आट्यात किंचित खाली पडल्याचे बोटांना जाणवते. तिथून पुढे सुलटा फिरवला, की तो जुन्याच आट्यांतून जातो. असे न केल्यास दरवेळी नवे आटे पडतात आणि चार-पाच वेळा उघडल्यावर भोकात धरायला काही उरत नाही. झिजलेल्या भोकासाठी तापवून रुतवण्याचे पितळी आट्यांचे नळे मिळतात आणि ते उत्तम चालतात. तेच काम खाण्याचा सोडा आणि सायनोॲक्रिलेट यांनी करण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते. ती एबीएसमध्ये, आणि तीही फारसा ताण नसलेल्या जागी, चालते, पण तो दगडी लगदा ठिसूळ असतो आणि पॉलिइथिलीनमध्ये गोळा म्हणून सुटून येतो.

नट ढिला होऊ नये म्हणून आट्यांवर लावण्याचे जे द्रव मिळते, ते एबीएस आणि पॉलिकार्बोनेट यांच्यावर सांडू देऊ नये. ताणाखाली असलेल्या प्लॅस्टिकमध्ये ते शिरते आणि चिरा पाडते. त्याऐवजी आत नायलॉनची कडी असलेला नट वापरावा. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक खिडक्या आणि झाकणे थिनरने पुसण्याचाही हाच परिणाम होतो, आणि पॉलिसल्फाइड सीलंटही याच कारणासाठी या दोन प्लॅस्टिकांपासून दूर ठेवावे. सिलिकॉन वापरायचे तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे घेऊ नये. त्यातून सुटणारे आम्ल स्क्रूंना खाते. वेष्टनावर उदासीन (न्यूट्रल) प्रकार असे लिहिलेले सिलिकॉन घ्यावे.

जिथे दुरुस्ती करूच नये

काही भागांच्या बाबतीत काटकसरीचा विचार मनात आणू नये. होडीच्या तळाचे बूच, पाण्याच्या पातळीच्या आसपास अंगातून आरपार जाणाऱ्या तोट्या, ओढून नेण्याचा दोर जिथे बांधतात तो क्लीट आणि शर्यतीच्या होडीचे रोलॉक हे भाग तडकले तर बदलावेत. पंप असलेल्या होडीत पाणी बाहेर टाकणारी पांढरी प्लॅस्टिकची तोटी विशेष लबाड असते. तिची बाहेरची गोल कड उन्हाने ठिसूळ होऊन एके दिवशी गळून पडते, आतला नट आणि नळी मात्र जागच्या जागी दिसतात, आणि होडी एका बाजूला कलली की त्या भोकातून पाणी आत येते. बाहेरून बोटाने कड दाबून पाहावी. ती किंचितही लवली किंवा तिच्यावर केसाएवढी रेघ दिसली, तर काळ्या, काचतंतू घातलेल्या नायलॉनची किंवा स्टेनलेस स्टीलची तोटी बसवावी.

भाग बाजारात मिळत नसेल, तर त्रिमितीय छपाई हा आता पुण्यात सहज उपलब्ध असलेला मार्ग आहे, मात्र कोणत्या प्लॅस्टिकमध्ये छापायचे हे आपणच सांगावे लागते. न सांगितल्यास पीएलए नावाचे प्लॅस्टिक वापरले जाते, आणि ते ६० अंशांच्या सुमारास नरमते. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला असा क्लीट संध्याकाळपर्यंत वाकलेला असतो. उन्हातल्या भागासाठी एएसए, म्हणजे एबीएससारखेच पण ऊन सोसणारे प्लॅस्टिक, मागावे आणि दोराचा ओढा थरांना एकमेकांपासून सोडवणार नाही अशा दिशेने भाग छापून घ्यावा.

तपासणीच्या गोल झाकणाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण ते तुटते आपल्याच हातून. आट्यांत गाळ बसतो, झाकण अडकते, आणि कुणी तरी त्यावर हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हर चालवतो. अडकलेल्या झाकणावर कोमट पाणी ओतावे, रबरी हातमोजा घालून फिरवावे आणि उघडल्यावर आटे जुन्या टूथब्रशने धुऊन सिलिकॉन ग्रीस लावावे. रबरी कडीला पेट्रोलियम जेली लावू नये, कारण काही प्रकारचे रबर तिने फुगते.

दुरुस्ती केलेल्या भागाची पहिली परीक्षा धरणावर घेऊ नये. होडी घराशीच दोन ठोकळ्यांवर ठेवून, जोडाच्या खाली कोरडे वर्तमानपत्र पसरून, आतून तो भाग बुडेल एवढे पाणी भरावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. कागदावर ओल दिसली, तर पाणी उपसण्यापूर्वीच ती नेमकी कोठून आली तिथे पेन्सिलीने खूण करावी; होडी कोरडी झाल्यावर ती जागा पुन्हा सापडत नाही. क्लीट किंवा मूठ असेल, तर त्यातून दोर ओवून त्याला पाण्याने भरलेला २० लिटरचा जार टांगावा आणि तो थोडा झुलवून जोडाच्या कडा भिंगाने पुन्हा पाहाव्यात. नटबोल्टने बसवलेला भाग पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर एकदा तपासावा, कारण वॉशरखालचे प्लॅस्टिक दाबाने किंचित बसते आणि बोल्ट सैल होतो; तो हाताने लागेल तेवढा, आणि त्यापुढे पाव फेरा, एवढाच आवळावा.